लॅक्स्टन, डर्वेंट, ईम, होप : आण्णांसोबत इंग्लंडच्या खेड्यांत

शुक्रवार

ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी इकडे बँक हॉलिडे असतो, त्याला जोडून शुक्रवारची रजा टाकली आणि आण्णांना घेऊन सकाळीच नॉटिंगहॅमहून निघाले. आण्णा म्हणजे माझे वडील, इंदापूर तालुक्यातले शेतकरी, पहिल्यांदाच इंग्लंडला आलेत. लंडन बघून झालं, राजवाडा झाला, म्युझियम झालं, पण त्यांचा एकच प्रश्न, "इथली शेती कुठाय? गावातली माणसं ऱ्हातेत कशी?" मग म्हटलं चला, आता फक्त खेडी बघायची. नवऱ्याला सुट्टी नव्हती, त्यामुळे आम्ही दोघंच.

पहिला मुक्काम लॅक्स्टन. ए१ रस्ता सोडला की टक्सफर्डच्या जवळच आहे, पण नॉटिंगहॅममध्ये वर्षानुवर्षं राहणाऱ्या कितीतरी लोकांनी ते पाहिलेलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं कारण असं गाव आता इंग्लंडमध्ये जवळजवळ उरलेलंच नाही. इंग्लंडचं शेत म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं, तर झुडपांच्या कुंपणांनी आखलेले हिरवे चौकोन आणि मधोमध एकटं फार्महाऊस. पण ते तसं कायम नव्हतं. मध्ययुगात मधल्या इंग्लंडमधल्या गावाची शेती म्हणजे दोन-तीन प्रचंड मोठी उघडी शेतं, त्यात प्रत्येक कुटुंबाचे लांबट पट्टे विखुरलेले, एक इथं, एक तिथं, म्हणजे चांगली जमीन आणि हलकी जमीन सगळ्यांच्याच वाट्याला थोडी थोडी. मग साधारण १७५० नंतरच्या शंभरेक वर्षांत पार्लमेंटने एकामागून एक कायदे करून हे सगळं मोडलं, जमिनी एकगठ्ठा केल्या, कुंपणं घातली, गायरानं गेली, आणि ज्यांचं पोट त्या गायरानावरच्या एखाद्या गाईवर होतं ते लोक मजूर झाले नाहीतर शहरातल्या गिरण्यांत गेले. लॅक्स्टनमध्ये मात्र मोठ्या जमीनदारांचं आपापसात जमलं नाही म्हणून ते काम अर्धवटच राहिलं आणि जुनी पद्धत टिकली, ती आजतागायत. वेस्ट फील्ड, साऊथ फील्ड आणि मिल फील्ड अशी तीन शेतं. एकात गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं पड, आणि दरवर्षी पाळी फिरते.

गावात शिरल्या शिरल्या आण्णांच्या लक्षात आलं की सगळ्या शेतकऱ्यांची घरं, गोठे, कोठारं गावातल्या रस्त्यालाच लागून आहेत, शेतात कुणी राहत नाही. "हे बरं हाय, आपल्यागत, शेतातनं घरी यायचं." डव्हकोट इन नावाचा पब आहे, त्याच्या मागे छोटं माहिती केंद्र, तिथं १६३५ सालचा नकाशा लावलाय. मार्क पिअर्स नावाच्या सर्व्हेअरने काढलेला, मूळ प्रत ऑक्सफर्डच्या बोडलियन लायब्ररीत आहे. त्यात एकेक पट्टा दाखवलाय, आणि मध्ये मध्ये नांगर धरलेली, कापणी करणारी बारीक बारीक माणसं काढलीत. आण्णा चष्मा वर करून नकाशाला नाक लावून बघत होते, त्यांना तिथून हलवायला मला बराच वेळ लागला.

शेतात कापणी चालू होती, कंबाइन एका पट्ट्यातून सरळ वर जाऊन परत येत होतं. माती तांबूस आणि चिकट, आण्णांनी ढेकूळ उचलून बोटांनी फोडलं, वास घेतला, म्हणाले भारी रान हाय, पावसात पाऊल ठेवू देणार नाही. पट्टे पूर्वी अगदी अरुंद होते, नंतर यंत्रं आली तेव्हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते एकत्र करून रुंद केले. आणि बांध नाही! दोन पट्ट्यांच्या मध्ये काहीच नाही, नुसती नांगराची शेवटची तास. मग भांडणं कशी मिटवतात हा आण्णांचा पुढचा प्रश्न, तो मी तिथं ट्रॉलीपाशी उभ्या असलेल्या एका वयस्कर शेतकऱ्याला विचारला आणि तो माणूस असा खुलला की बस.

तर होतं असं. नोव्हेंबरच्या शेवटी, गव्हाची उगवण वर आली की गावची ज्युरी, म्हणजे पंच, त्या वर्षीच्या गव्हाच्या शेतातून पायी फिरते. पट्ट्याच्या टोकाला लाकडी खुंट्या ठोकून हद्द पक्की करतात. कुणी शेजाऱ्याच्या पट्ट्यात नांगर घातला असेल किंवा सगळ्यांच्या सामायिक गवताच्या पट्टीत घुसला असेल तर नोंद होते. आठवड्याभराने कोर्ट लीट, म्हणजे गावचं जुनं कोर्ट, बसतं, त्याच डव्हकोट इनमध्ये, आणि दंड होतो. दंडाची रक्कम किरकोळ असते, पण सगळ्या गावासमोर नाव वाचलं जातं हीच खरी शिक्षा, असं तो म्हणाला. हे कोर्ट आजही कायदेशीर आहे, १९७७ च्या कायद्यात बाकीच्या जुन्या कोर्टांचे अधिकार गेले तेव्हा ह्याचे ठेवले. लहानपणी तो वडिलांच्या मागे खुंट्यांची पिशवी धरून चालायचा, थंडीने बोटं वळायची नाहीत, आणि फेरी झाली की पबमध्ये जेवण, त्या जेवणासाठी आम्ही पोरं जायचो म्हणाला.

मी हे सगळं भाषांतर करून सांगितलं तर आण्णा काही वेळ गप्पच. आमच्या वस्तीवर बांध कोरण्यावरून दोन भावांची केस चालू आहे, वकिलांची घरं झाली, दोघांची पोरं एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. "ह्यो पब म्हंजी चावडीच की," एवढंच म्हणाले. ते दोघं मग ट्रॉलीपाशी गव्हाच्या लोंब्या चोळून दाणे मोजत बसले, भाषेची फार गरज पडली नाही.

तिथून काहीच मैलांवर ईक्रिंग. इथं मुद्दाम गेले कारण रविवारी आम्ही ज्या ईम गावाला जाणार होतो तिथल्या प्लेगच्या गोष्टीचं शेवटचं पान ह्या गावात आहे. विल्यम मॉम्पेसन हा ईमचा पाद्री, प्लेग संपल्यावर इथं बदलून आला तर लोक त्याला गावात घेईनात, ह्याच्याबरोबर रोग येईल म्हणून. त्याला म्हणे काही काळ रफर्ड पार्कात झोपडीत राहावं लागलं आणि गावाबाहेर एका ॲशच्या झाडाखाली तो उपदेश करायचा. झाड नाही आता, तिथं दगडी क्रॉस आहे. नंतर मात्र तो इथंच रमला, १७०९ मध्ये इथंच वारला. क्रॉसपाशी आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं.

संध्याकाळी चेस्टरफील्डवरून बॅमफर्डला पोचलो. बी अँड बी, म्हणजे मुक्काम आणि नाश्त्याची घरगुती सोय, एका आजींचं, पंचाहत्तरीच्या आसपासच्या, एकट्याच सगळं बघतात.

शनिवार

सकाळी नाश्त्याला मशरूम, टोमॅटो, बीन्स, टोस्ट. आण्णांनी बरोबर आणलेली शेंगदाण्याची चटणी काढली, आजींनी चाखली आणि चक्क दुसऱ्यांदा घेतली, मग गप्पा सुरू झाल्या. मी सहज म्हटलं आज लेडीबोवर धरण बघायला जाणार, तर त्या म्हणाल्या, माझ्या आईचं गाव त्याच्या खाली आहे.

मला हे माहीत होतं की त्या पाण्यात दोन गावं बुडाली, ॲशॉप्टन आणि डर्वेंट. पण त्या गावच्या माणसाची लेक आपल्याला चहा ओतून देते तेव्हा ते वेगळंच लागतं. वरची दोन धरणं, हाउडन आणि डर्वेंट, पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला पूर्ण झालेली, पण शहरांची तहान भागेना म्हणून खाली तिसरं बांधलं. १९३५ ला काम सुरू झालं, १९४३ पासून पाणी भरायला लागलं, १९४५ च्या सप्टेंबरमध्ये राजा सहावा जॉर्ज येऊन उद्घाटन करून गेला. पाणी कुणाला, तर शेफील्ड, डर्बी, लेस्टर आणि नॉटिंगहॅमला. म्हणजे माझ्या घरच्या नळाला! इतकी वर्षं मी त्या पाण्याचा चहा पितेय.

आजींची आई तेव्हा सतरा-अठरा वर्षांची. चर्चमधली पितळी भांडी, मेणबत्तीचे स्टँड घासायचं काम तिच्याकडे होतं. १९४३ च्या मार्चमध्ये चर्चमध्ये शेवटची प्रार्थना झाली तेव्हा तिने ती भांडी आदल्या दिवशी नेहमीसारखीच घासली होती, दुसऱ्या दिवसापासून ती कुठं जाणार हे माहीत असूनसुद्धा. दफनभूमीतली प्रेतं उकरून बॅमफर्डच्या दफनभूमीत पुन्हा पुरली. चर्च पाडलं पण मनोरा ठेवला, त्यामुळे पाणी भरल्यावर नुसता सुळका वर. लोक पोहत त्याच्यापर्यंत जायला लागले, धोका नको म्हणून डिसेंबर १९४७ मध्ये स्फोटकं लावून उडवला. आई बघायला गेली नाही, आजी म्हणाल्या, त्या दिवशी तिने घरातले पडदे धुवायला काढले. त्यांना खाली यॉर्कशायर ब्रिजला नवी घरं दिली होती, दगडाची, नीटनेटकी, नळ आणि न्हाणीघर असलेली, आणि आई हे कबूल करायची की घर आधीच्यापेक्षा चांगलं आहे. तरी १९७६ च्या मोठ्या दुष्काळात पाणी उतरलं तेव्हा ती लेकीचा हात धरून चिखलातून चालत गेली आणि स्वतःच्या घराच्या उंबऱ्यावर उभी राहिली. दारातून आत पाऊल टाकताना तिने चपला काढल्या, भिंती नव्हत्याच, तरी.

आण्णांचं गाव उजनीत गेलं. मी जन्मायच्या आधी. त्यांनी हे मला कधी नीट सांगितलेलं नाही, विषय निघाला की "गेलं ते गेलं" म्हणून उठायचे. मी आजींना एवढंच सांगितलं की ह्यांचंही गाव धरणात आहे. त्या उठल्या, कपाटातून एक गुंडाळी घेऊन आल्या. त्यांच्या आईने म्हातारपणी ब्राउन पेपरवर पेनाने काढलेला डर्वेंटचा नकाशा. प्रमाण वगैरे काही नाही, चर्च अवाढव्य आणि डर्वेंट हॉल एवढासा, पण प्रत्येक घराशेजारी कोण राहायचं ते लिहिलंय, कुठल्या घरी कुत्रा चावरा होता तेही लिहिलंय, नाल्यावर कपडे कुठं धुवायचे, शाळेतून येताना कुठल्या भिंतीवरून उडी मारायची. आण्णा बोटाने एकेक घर बघत होते, मी नावं वाचत होते. मग ते आजींकडे बघून मराठीतच म्हणाले, "आमच्या घराचा चौथरा उन्हाळ्यात दिसतो. पळसदेवचं देऊळबी वर येतं." मी सांगायच्या आतच आजींनी मान हलवली.

दुपारी धरणावर गेलो. पाणी बऱ्यापैकी भरलेलं, गाव दिसायचा प्रश्नच नव्हता. २०१८ आणि २०२२ मध्ये पाणी इतकं खाली गेलं की पडक्या भिंती, चुली दिसायला लागल्या आणि गर्दी उसळली. काठाने चालत वरच्या डर्वेंट धरणापर्यंत गेलो, १९४३ मध्ये ब्रिटिश वैमानिकांनी जर्मनीतली धरणं फोडायचा सराव ह्या पाण्यावर केला होता, त्याचे फोटो वगैरे आहेत, गर्दी तिथंच जास्त. मला त्यापेक्षा मनाला भिडलं ते बाजूचं टिप नावाच्या कुत्रीचं छोटं स्मारक. जोसेफ टॅग नावाचा म्हातारा मेंढपाळ डिसेंबर १९५३ मध्ये ह्या डोंगरावर गेला तो परतलाच नाही. मार्च १९५४ मध्ये त्याचं प्रेत सापडलं तेव्हा टिप शेजारी बसलेली होती, जिवंत, १५ आठवडे, त्या थंडीत.

डर्वेंटचा जुना दगडी पूल, खेचरांच्या तांड्यांचा, तो मात्र वाचला, दगड दगड सोडवून वर स्लिपरी स्टोन्स नावाच्या जागी पुन्हा उभारलाय. लांब होतं पण आण्णा म्हणाले जायचंच. गेलो.

रविवार

ईम. ऑगस्टचा शेवटचा रविवार, म्हणजे प्लेग संडे, इथं प्लेगमध्ये गेलेल्यांच्या आठवणीचा दिवस, त्यासाठीच तारखा जुळवल्या होत्या.

गोष्ट बऱ्याच जणांना लॉकडाऊनच्या वेळी व्हॉट्सॲपवर आलेली असेल, पण तिथं उभं राहून ती वेगळी कळते. १६६५ चा उन्हाळा, लंडनमध्ये प्लेग. इथल्या शिंप्याकडे लंडनहून कापडाचा गठ्ठा आला, दमट होता म्हणून त्याचा मदतनीस जॉर्ज व्हिकर्सने तो चुलीपाशी वाळत घातला, त्यात पिसवा. ७ सप्टेंबरला व्हिकर्स गेला. हिवाळ्यात रोग मंदावला, पुढच्या उन्हाळ्यात उसळला. जून १६६६ मध्ये मॉम्पेसनने लोकांना तीन गोष्टी सांगितल्या : आपापली माणसं आपणच पुरायची, चर्च बंद करून प्रार्थना उघड्यावर करायची, आणि गावाची हद्द कुणी ओलांडायची नाही. वेशीवरच्या दगडांत भोकं आहेत, त्यात व्हिनेगर घालून नाणी ठेवायची, बाहेरचे लोक धान्य ठेवून नाणी घेऊन जायचे. जवळच्या चॅट्सवर्थच्या वाड्यातल्या उमरावानेही (अर्ल ऑफ डेव्हनशायर) रसद पाठवली. १४ महिन्यांत २६० माणसं गेली.

मला इथं एक गोष्ट आवर्जून लिहायचीय. सगळं श्रेय मॉम्पेसनला जातं, पण तो गावात नवा होता, तिशीही न गाठलेला, आणि लोकांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. विश्वास होता आधीच्या पाद्र्यावर, थॉमस स्टॅन्लीवर, ज्याला सरकारी प्रार्थनापुस्तक मानत नाही म्हणून पदावरून काढलेलं. दोघं धर्माच्या बाबतीत कट्टर विरोधक. तरी ते एकत्र आले आणि दोघांनी मिळून सांगितलं म्हणून गावाने ऐकलं. स्टॅन्लीशिवाय हे झालं नसतं असं माझं ठाम मत आहे, आणि गावाबाहेर त्याचं नाव किती जणांना माहितीय? मॉम्पेसनने स्वतःची मुलं आधीच बाहेर पाठवली होती ह्यावरून त्याला नावं ठेवणारेही आहेत. पण बायको कॅथरीन थांबली, आजाऱ्यांकडे जात राहिली आणि २५ ऑगस्ट १६६६ ला गेली. चर्चच्या आवारात तिची कबर आहे, त्यावर ताजी फुलं होती. मला तिथं सावित्रीबाईच आठवल्या, १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करता करता गेलेल्या.

चर्चशेजारच्या घरांवर हिरव्या पाट्या आहेत, ह्या घरात कोण कोण होतं आणि कोण गेलं. रोज कॉटेजमध्ये थॉर्प कुटुंब, नऊच्या नऊ गेले. आता त्या घरांत लोक राहतात, खिडकीत मांजर, बाहेर सायकल, आणि पाटीवर ती नावं. आण्णांनी मला प्रत्येक पाटी वाचायला लावली, एकही सोडली नाही.

मग त्यांनी त्यांच्या आजीकडून ऐकलेलं सांगितलं. आमच्याकडे प्लेग आला की गाव सोडून सगळे रानात झोपड्या घालून राहायचे, घरात उंदीर पडला की दिवेलागणीच्या आत गाठोडं बांधायचं. म्हणजे बरोबर उलटं. २०१६ मध्ये संशोधकांनी ईमच्या नोंदींवरून हिशेब मांडला की इथला बहुतेक संसर्ग माणसाकडून माणसाला, त्यातही घरातल्या घरात झाला असावा. "फाकले असते तर काही वाचले असते," आण्णा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "पर शेजारची गावं गेली असती."

गावाबाहेर अर्धा मैल चढून रायली ग्रेव्ह्ज. शेताच्या मध्ये गोल दगडी कुंपण आणि आत हॅनकॉक कुटुंबाची थडगी. एलिझाबेथ हॅनकॉकने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं इथं पुरली, एकटीने. समोरच्या टेकडीवरून स्टोनी मिडलटनचे लोक बघायचे पण पुढं यायची हिंमत नव्हती असं सांगतात. आम्ही तिथं फार बोललो नाही.

गावातल्या विहिरी सजवलेल्या होत्या. वेल ड्रेसिंग ही डर्बीशायरचीच पद्धत, लाकडी फळ्या आधी पाण्यात भिजवतात, त्यावर मिठाची ओली माती थापतात, कागदावरचं चित्र टोचून मातीवर उतरवतात, बाह्यरेषा अल्डर नावाच्या झाडाच्या काळ्या बोंडांनी किंवा बियांनी, आणि मग एकेक पाकळी दाबत जायची. खालून वर लावतात, वरची पाकळी खालचीवर चढलेली, म्हणजे पावसाचं पाणी वरून ओघळून जातं. एका बाईंनी सांगितलं हायड्रेंजियाच्या पाकळ्या टिकतात, गुलाब दोन दिवसांत मान टाकतो. आठवड्याभरात सगळं सुकतं.

दुपारी चर्चपासून मिरवणूक निघाली, बँडबरोबर, कुकलेट डेल्फ नावाच्या घळीत, जिथं १६६६ मध्ये उघड्यावर प्रार्थना व्हायची. लोक गवतावर बसलेले, म्हातारे घडीच्या खुर्च्या घेऊन आलेले, पोरं उतारावरून घरंगळत होती. आण्णांनी टोपी नीट केली आणि शेवटपर्यंत उभे राहिले.

सोमवार

बँक हॉलिडेला होप गावाचा मेळा असतो, होप शो. मेंढ्या, गाई, कुत्र्यांच्या मेंढ्या वळवण्याच्या स्पर्धा, जॅम, केक, भाजीपाल्याची बक्षिसं. व्हाइटफेस्ड वुडलँड ही इथल्याच डोंगरातली मेंढी, पांढरं तोंड आणि गोल वळलेली शिंगं, आता कमी उरलीय, आण्णांना ती फार आवडली. चुन्याशिवाय दगडी गडगा रचायचं प्रात्यक्षिक होतं, तिथं तर ते तासभर उभे, आतला भराव कसा भरतात, दोन्ही बाजू बांधणारा लांब दगड किती अंतरावर टाकतात. शेवटी त्या कारागिराने त्यांच्या हातात एक दगड दिला आणि त्यांनी तो बसवला, दोनदा फिरवून. हलवून बघितला त्याने, हलला नाही.

निघताना आजींना पुन्हा भेटलो, त्यांच्या परवानगीने मी नकाशाचा फोटो काढला. घरी पोचेपर्यंत साडेसात. मी भात टाकला तोवर आण्णांनी माझ्या मुलीची ड्रॉइंगची वही मागून घेतली, नदी काढली, मारुतीचं देऊळ काढलं, आमचा वाडा, मग खालची आळी, आणि तिथं अडकले. भारतात मध्यरात्र होऊन गेलेली तरी चुलत्यांना व्हिडिओ कॉल लावला. चुलते झोपेतून उठून म्हणतायत विहिरीला लागून सुताराचं घर होतं, आण्णा म्हणतायत नाही, सुतार चिंचेपलीकडं, विहिरीपाशी आपली आत्या ऱ्हायची. मग आत्याच्या मुलाला कॉलवर घेतलं. भात निवला, तिघंही अजून भांडतायत आणि मुलगी खोडरबर घेऊन शेजारी बसलीय.